आठ ग्लासांच्या नियमास महाडहून खुले पत्र

राजमान्य राजेश्री आठ ग्लास यांस,

मुक्काम पोस्ट प्रत्येक मोबाइल, प्रत्येक दवाखान्याची भिंत.

पत्र लिहिण्यास कारण की, तुमचं आमच्या महाड-पोलादपूरकडे येणंजाणं अलीकडे फार वाढलं आहे. सकाळी सहाला ‘शुभ सकाळ’च्या फुलांखाली ‘रोज आठ ग्लास पाणी प्या’ म्हणत तुम्हीच असता. शाळेच्या भिंतीवर आरोग्याचे नियम रंगवलेत, त्यात तुम्ही. मे महिन्यात मुंबईहून गावी आलेल्या चाकरमान्यांच्या पोरांकडे दोन लिटरची बाटली असते, तिच्यावर तासांच्या खुणा छापलेल्या: नऊ वाजेपर्यंत इथवर, अकरा वाजेपर्यंत इथवर, संध्याकाळी बाटली रिकामी झालीच पाहिजे. पोरगं तहान लागली म्हणून पाणी पीत नाही, खूण गाठायची म्हणून पितं. आणि ज्या आजीच्या घरी ते उतरलेलं असतं, ती आजी त्याच वेळी खाली ओढ्यात खणलेल्या डवऱ्यावर नंबर लावून बसलेली असते.

तेव्हा हे पत्र उघड लिहितो आहे. खासगीत सांगून ऐकणाऱ्यातले तुम्ही नाही.

तुमच्यावरचा आरोप असा. कोट्यवधी माणसांच्या निरनिराळ्या शरीरांना तुम्ही एकच माप लावलंत. त्या मापाला शास्त्राचा शिक्का आहे असं भासवलंत. आणि पाणी पिणं ही ज्याच्या त्याच्या शिस्तीची गोष्ट करून टाकलीत, म्हणजे जो कमी पितो तो निष्काळजी. ज्याच्या दारात पाणीच येत नाही त्यालाही तुम्ही याच यादीत बसवलंत. हे शेवटचं मला सगळ्यांत जास्त झोंबतं.

आधी तुमचं कूळ सांगतो, कारण तुम्ही स्वतः ते कधी सांगत नाही. तुमचा जन्म नक्की कुठे झाला यावर वाद आहे, पण बहुतेक जण बोट दाखवतात ते 1945 सालाकडे. त्या वर्षी अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या अन्न व पोषण मंडळाने एक शिफारस छापली. प्रौढ माणसाला दिवसाला साधारण अडीच लिटर पाणी पुरेसं होतं, खाल्लेल्या दर कॅलरीमागे एक मिलिलिटर, असा तो हिशेब होता. आणि त्याला लागूनच म्हटलं होतं की यातलं बहुतेक पाणी शिजवलेल्या अन्नातूनच मिळतं. अडीच लिटर तुम्ही उचललेत आणि अन्नाची गोष्ट तिथेच सोडून आलात. नोटेची एकच बाजू छापून ती बाजारात चालवणाऱ्याला आपल्याकडे काय म्हणतात ते तुम्हाला ठाऊक असेल.

2002 साली डार्टमथ वैद्यकीय महाविद्यालयातले हाइन्झ व्हाल्टिन यांनी तुमच्या बाजूने पुरावा मिळतो का ते शोधायला घेतलं. मूत्रपिंड आणि शरीरातलं पाणी यांच्या अभ्यासात हयात घालवलेला माणूस. निरोगी, बैठं काम करणाऱ्या, सौम्य हवेत राहणाऱ्या प्रौढाने रोज आठ ग्लास पाणी प्यायलाच हवं, याला आधार देणारं संशोधन त्यांना सापडलं नाही. आजारात, कष्टात, उन्हात जास्त पाणी लागतं हे त्यांनी मान्य केलं, आणि ते कोणीही मान्य करेल. पण तुम्ही तर सरसकट सगळ्यांना हुकूम सोडता.

आता तुम्ही हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं नाव पुढे कराल. तिच्या मार्गदर्शिकेत निरोगी माणसाने सुमारे 8 ग्लास, म्हणजे 2 लिटर पाणी प्यावं असं लिहिलेलं आहे. आहेच, मी ते लपवत नाही. पण तिथेच पुढे असंही लिहिलंय की कडक उन्हाळ्यात आणि अंगमेहनतीच्या कामात ही गरज वाढते. भिंतीवर चढताना तुम्ही उन्हाळा गाळलात, कष्ट गाळलेत, आणि आकडा तेवढा ठेवलात.

माणसाला खरंच किती पाणी लागतं, हे 2022 मध्ये फार बारकाईने मोजलं गेलं. ‘सायन्स’ या नियतकालिकात ते प्रसिद्ध झालं. 23 देशांतली 5,604 माणसं, आठ दिवसांच्या बाळापासून 96 वर्षांच्या म्हाताऱ्यापर्यंत. जड हायड्रोजनची खूण असलेलं पाणी पाजून, शरीरातून रोज किती पाणी बाहेर जातं आणि किती नव्याने आत येतं ते तपासलं. उत्तर काय आलं? बहुतेकांचं दिवसाला 1 ते 6 लिटरांच्या मध्ये कुठेतरी, आणि काहींचं 10 लिटरपर्यंत. उष्ण आणि दमट हवेत जास्त, अंगमेहनत करणाऱ्याचं जास्त, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईचं जास्त. शिवाय हे सगळं पाणी ग्लासातून आलेलं नव्हतं. त्यात अन्नातलं होतं, आणि खाल्लेलं अन्न जळताना शरीर स्वतः तयार करतं तेही होतं. एका टोकाला एक लिटर, दुसऱ्या टोकाला दहा. यात तुमचा आठचा आकडा कुणाचा म्हणायचा?

आमच्याकडच्या जुन्या माणसांनी ग्लास कधी मोजले नाहीत. सकाळी मीठ घातलेली तांदळाची पेज, दुपारी भाताबरोबर कुळथाचं सार, उन्हातून आल्यावर ताक किंवा कोकमाचं पाणी, पावसाळ्यात मांडवावरची काकडी. शिजलेल्या भातात निम्म्याहून बरंच अधिक पाणी असतं. कलिंगडात आणि काकडीत तर नव्वद टक्क्यांहून जास्त. चहातलं पाणीही पाणीच, ते शरीराला लागू पडतं. हे सगळं तुमच्या हिशेबात शून्य धरलं जातं. पेजेत तर पाण्याबरोबर मीठही जातं आणि घामातून गेलेलं भरून निघतं, हे शेतातल्या माणसाला कुणी शिकवायला यावं लागलं नव्हतं.

तुमच्यासोबत एक धमकी नेहमी फिरत असते: तहान लागली म्हणजे उशीर झाला! निरोगी माणसाच्या बाबतीत ही निव्वळ भीती घालणं आहे. रक्तातल्या क्षारांची तीव्रता एक-दोन टक्के वाढली की मेंदू तहान लावतो. त्याच्या थोडं आधीच व्हासोप्रेसिन नावाचं संप्रेरक सुटतं आणि मूत्रपिंडं पाणी राखायला लागतात. म्हणजे त्रास सुरू होण्याच्या कितीतरी आधी शरीर हाक मारतं. हाक ऐकू न येणारे काही जण असतात, आणि त्यांची काळजी घ्यावीच लागते. म्हातारपणी तहान मंदावते. लहान मूल सांगू शकत नाही. ताप, जुलाब, उलट्या यांत पाणी भराभर जातं, तिथे मीठ-साखर-पाणी घोटघोट पाजावंच लागतं. अशा माणसांना घरच्यांनी विचारून पाणी द्यायला हवं. पण त्यासाठी त्या माणसाकडे बघावं लागतं. तुम्ही माणसाकडे बघतच नाही.

न बघण्याने काय होतं ते सांगतो. आमच्या ओळखीतले एक निवृत्त गुरुजी. हृदय अशक्त झालेलं. डॉक्टरांनी दिवसभराच्या पाण्याचं माप आखून दिलेलं, रोज सकाळी वजन करायचं, पायांवर सूज दिसली की कळवायचं. सगळं व्यवस्थित चाललं होतं. मग घरातल्या मोबाइलवर तुम्ही आलात. सून मायेची, सासऱ्यांची काळजी करणारी. ती रोज विचारायला लागली, “बाबा, आठ झाले का?” गुरुजी तिचं मन मोडायचं नाही म्हणून पीत राहिले. थोड्याच दिवसांत घोटे सुजले, आडवं झालं की धाप लागायला लागली, आणि शेवटी दवाखान्यात न्यावं लागलं. त्या सुनेला मी जराही दोष देणार नाही. तिने विश्वास ठेवला होता तो तुमच्यावर. हृदय थकलेल्याला, मूत्रपिंडं निकामी होत आलेल्याला पाणी मोजूनमापून द्यावं लागतं, ही ओळ तुमच्या फलकावर कधी कुणी वाचली आहे का?

आणि धडधाकट माणसालाही अतिपाणी बाधतं. 2002 च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये 488 धावपटूंचं रक्त तपासलं, तर 13 टक्के जणांच्या रक्तातलं सोडियम सामान्य पातळीच्या खाली गेलेलं निघालं. त्यातले बरेच जण वाटेत इतके पाणी प्यायले होते की शर्यत संपल्यावर त्यांचं वजन वाढलं होतं. सोडियम फार उतरलं तर मेंदूला सूज येते, माणूस दगावूही शकतो.

याची दुसरी बाजूही आहे आणि ती सांगितली नाही तर मी तुमच्यासारखाच ठरेन. ज्याला एकदा मुतखडा झाला आहे त्याला भरपूर पाणी हवंच. इटलीत अशा रुग्णांवर पाच वर्षं अभ्यास झाला, तो 1996 साली छापून आला. जे मुद्दाम जास्त पाणी प्याले त्यांच्यात 12 टक्क्यांना पुन्हा खडा झाला, बाकीच्यांत 27 टक्क्यांना. पण तिथेही डॉक्टरांनी ग्लास मोजायला सांगितले नव्हते. दिवसाला निदान दोन लिटर लघवी व्हायला हवी, असं सांगितलं होतं. ज्याला जास्त घाम येतो त्याने तेवढं जास्त प्यायचं. माप शरीरातून बाहेर येणाऱ्या पाण्याचं होतं. लघवी फिकी पिवळी आहे की गडद, हे बघायला पैसा लागत नाही, मोबाइल लागत नाही. गडद असेल तर पाणी प्यावं, फिकी असेल आणि तहान नसेल तर घशाखाली ढकलत बसू नये. डॉक्टरने वेगळं सांगितलं असेल तर डॉक्टरचं ऐकावं. एवढंच तुमच्या जागी लिहिलं असतं तरी पुरलं असतं.

आता आमच्या मुलखाकडे या. एसी खोलीतून उठून या.

एप्रिल-मेमध्ये सह्याद्रीच्या पायथ्याची हवा अशी कोंदते की घाम वाळत नाही, नुसता ओघळतो. घाम उडाला तरच अंग थंड होतं, ओघळून काही होत नाही. अशा हवेत शेतीसाठी दळ्या भाजणारी, लाकूडफाटा आणणारी, रस्त्याच्या कामावर खडी उचलणारी बाई घ्या. उन्हात काम करणाऱ्यांसाठी अमेरिकेच्या नियॉश या कामगार-आरोग्य संस्थेची शिफारस आहे की दर 15 ते 20 मिनिटांनी एक कप पाणी प्यावं. कप म्हणजे तुमचाच ग्लास, सुमारे 240 मिलिलिटर. म्हणजे तुमचा अख्ख्या दिवसाचा कोटा ती बाई तीन तासांत संपवते. सकाळी आठला कामाला लागली तर अकराच्या आत. पुढचा दिवस तिने कशावर काढायचा? आमच्याच रायगड जिल्ह्यात, खारघरच्या मैदानात, 16 एप्रिल 2023 ला भर उन्हात सोहळा झाला आणि उष्माघाताने 14 माणसं गेली. त्यांना सावली हवी होती आणि पाणी हाताशी हवं होतं. भिंतीवरचा नियम तिथे कुणाच्या कामी येणार होता?

आणि पाणी हाताशी असणं म्हणजे काय, ते पोलादपूरच्या डोंगरातल्या वाड्यांवर येऊन पाहा. मे महिन्यात या. पावसाळ्यात येऊ नका, फसाल. पावसाळ्यात इथे तीन हजार मिलिमीटरहून जास्त कोसळतो, प्रत्येक कड्यावरून धबधबा असतो, बघणाऱ्याला वाटतं इथे पाण्याला काय तोटा. पण उतार तीव्र, खाली कातळ काळा आणि घट्ट, मुरायला जागा थोडी. महाबळेश्वरावर उगवलेली सावित्री घाट उतरून पोलादपूर, महाड करत बाणकोटच्या खाडीला जाते आणि डोंगरात पडलेलं बहुतेक पाणी काही दिवसांत समुद्रात पोचतं. होळीनंतर ओढे आटतात. अक्षय्यतृतीयेपर्यंत विहिरींचे तळ दिसायला लागतात.

तेव्हा बायका ओढ्याच्या कोरड्या पात्रात, दगडांच्या बेचक्यात डवरा खणतात. कमरेइतका खड्डा. तळाशी वीतभर पाणी साठतं, तेही गढूळ. एक बाई आत उतरून बसते आणि करवंटीने किंवा वाटीने ते पाणी उचलते, तळ ढवळणार नाही अशा बेताने. वर कळशीच्या तोंडावर जुन्या सुती लुगड्याची दुहेरी घडी ताणून धरलेली असते, तिच्यातून पाणी गाळून आत पडतं. काही वाट्या झाल्या की खाली चिखल लागतो. मग थांबायचं. पाझर पुन्हा भरून येईपर्यंत कुणी बोलत नाही, कुणी डोळा मिटून बसतं. पहाटेचं पाणी जास्त साठतं, म्हणून काही जणी अंधारातच उठून येतात, हातात बॅटरी. भरलेला हंडा डोक्यावर घेताना चुंबळ नीट बसवायची, कमरेवर कळशी घ्यायची आणि उतारावरच्या पायवाटेने चढायला लागायचं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. पंधरा-वीस किलो डोक्यावर-कमरेवर घेऊन उन्हात डोंगर चढताना तिच्या अंगातून किती घाम गेला याचा आकडा कोण ठेवणार? घरी आल्यावर पहिला तांब्या पुरुषांना, मग पोरांना, मग गोठ्यात. भांडी, भात, म्हाताऱ्यांचं औषध. ती स्वतः पिते तेव्हा हंड्यात काय उरलं आहे ते बघून पिते.

तिला तुम्ही काय सांगणार? “ताई, तुमचं पाणी पिण्याकडे लक्ष नाही”?

सावित्रीवर पोलादपूरजवळ रानबाजिऱ्याला धरण आहे. त्याचं पाणी महाडच्या औद्योगिक वसाहतीकडे जातं. कारखाने चालावेत, पोरांना रोजगार मिळावा, याला माझी ना नाही. पण कारखान्याचा नळ मे महिन्यात सुरू असतो आणि डोंगरातल्या वाडीला टँकरची वाट बघावी लागते, हे चित्र आमच्याकडे धरण उशाला आणि कोरड घशाला या एका वाक्यात मावतं. महाड तालुक्यातच रायगड उभा आहे. साडेतीनशे वर्षांपूर्वी एवढ्या उंचीवर राजधानी वसवताना आधी पाण्याचा विचार झाला होता. गंगासागर तलाव आणि गडभर खोदलेली टाकी आजही त्याची साक्ष देतात. पावसाचं पाणी डोंगरावरच अडवायचं हे शहाणपण ज्या गडावर आहे, त्याच तालुक्यातल्या वाड्यांना उन्हाळ्यात पाण्यासाठी वणवण करावी लागते. आणि 2021 च्या जुलैत याच्या उलट झालं. 22 जुलैला सावित्री-गांधारी नद्यांचं पाणी महाड शहरात शिरलं, घरंच्या घरं बुडाली, आणि पूर ओसरल्यावर चिखलाने भरलेल्या घरांत प्यायला घोटभर चांगलं पाणी नव्हतं. बाहेरून आलेल्या टँकरवर आणि बाटल्यांवर लोकांनी दिवस काढले. पाऊस किती पडतो यावर घशाची कोरड ठरत नाही, हे महाडइतकं कुणाला कळणार!

15 ऑगस्ट 2019 ला केंद्र सरकारने जलजीवन मिशन जाहीर केलं. ग्रामीण घरात नळ, माणशी रोज 55 लिटर. त्यातलं प्यायला लागतं दोन-तीन-चार लिटर, फारच कष्ट असतील तर त्याहून थोडं जास्त. बाकीचं स्वयंपाक, आंघोळ, कपडे, संडास यांना. म्हणजे 55 लिटर खरोखर पोचलं तर तुमची गरजच उरत नाही. ज्याच्या माठात चांगलं पाणी भरलेलं आहे तो तहान लागली की पितो. त्याला भिंतीवरून दरडवावं लागत नाही. पण नळ बसला म्हणजे पाणी आलं असं नाही. मे महिन्यात जो नळ कोरडा असतो, तोही यादीत नळच असतो.

आणखी एक गोष्ट तुम्हाला कधी दिसली नाही, कारण ती बायका बोलत नाहीत. शाळेतल्या मुली पाणी पीत नाहीत. डब्याबरोबर बाटली आणतात, भरलेली परत नेतात. मुतारीला दार नाही, किंवा दार आहे तर आत पाणी नाही. शेतावर, रस्त्याच्या कामावर, एसटीच्या लांबच्या प्रवासात हेच. आडोसा मिळणार नाही म्हणून तहान मारायची, लघवी तुंबवून धरायची, आणि मग जळजळ, संसर्ग, ताप. शाळेच्या ज्या भिंतीवर तुम्हाला ठळक अक्षरांत रंगवलं आहे, तिच्याच मागच्या बाजूला ती मुतारी असते. तुम्हाला रंगवायला जेवढा रंग लागला तेवढ्यात तिचं दार दुरुस्त झालं असतं.

शेवटी चवदार तळ्याबद्दल बोलतो. महाडला येऊन पाणी कसं प्यावं हे शिकवणाऱ्याने आधी त्या तळ्याच्या पायऱ्या उतरून यावं.

4 ऑगस्ट 1923 ला मुंबई विधिमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला: सरकारी खर्चाने बांधलेली वा चालवलेली पाणवठ्याची ठिकाणं, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. 1924 मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव केला. सुरेंद्रनाथ टिपणीसांसारखी माणसं त्यामागे होती. ठराव झाला, तळं होतं, तळ्यात पाणी होतं. तरी दलितांना ओंजळ बुडवता येत नव्हती. इतर धर्मांची माणसं पाणी भरत, गुरं पाण्यावर येत, पण ही माणसं नाहीत. 19 आणि 20 मार्च 1927 ला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद महाडला भरली. हा आपला रायगड जिल्हाच, तेव्हा त्याचं नाव कुलाबा होतं. 20 तारखेला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह शिस्तीने चालत तळ्यावर गेले आणि त्यांनी ओंजळीने पाणी प्यायलं. मागोमाग लोक प्याले.

एक ओंजळ पाणी. किती मिलिलिटर होईल, सांगा. त्या ओंजळीपायी परतणाऱ्या माणसांवर लाठ्या पडल्या, देवळात शिरणार अशी आवई उठवून जमाव चालून आला. नंतर पंचगव्याच्या 108 घागरी ओतून तळं ‘शुद्ध’ केलं गेलं. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरमध्ये परत सत्याग्रह ठरला, तेव्हा तळं खासगी असल्याचा दावा करून कोर्टातून मनाई आणली गेली. त्या परिषदेत बाबासाहेबांनी स्पष्ट सांगितलं की या पाण्यावाचून आजवर आपण काही मेलो नव्हतो, आपण तिथे जातो ते इतरांसारखी माणसं आहोत हे सिद्ध करायला. कोर्टाची लढाई दहा वर्षं चालली. 17 मार्च 1937 ला मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला आणि तळ्यावरचा हक्क कायम झाला.

माणसाने रोज किती पाणी प्यावं, या प्रश्नाला महाडने तेव्हाच उत्तर दिलं आहे: त्याला हवं तेवढं, हवं तेव्हा, आणि कुणाच्या परवानगीवाचून. आज पोलादपूरच्या वाडीतली बाई तळाशी वाटी घासत असेल, शाळेतली पोर घसा कोरडा ठेवून बसत असेल, तर ते उत्तर अजून सगळ्यांपर्यंत पोचलेलं नाही. तुम्ही मधे उभे आहात. तुमच्याकडे बोट दाखवलं की पाणी पुरवायची ज्यांची जबाबदारी आहे ते सुटतात, आणि दोष पिणाऱ्याच्या गळ्यात पडतो. माझं तुमच्याशी भांडण आहे ते याच्यासाठी.

तेव्हा बाजूला व्हा. शाळेच्या आणि दवाखान्याच्या भिंतीवरून खाली उतरा. त्या जागी गावाला मे महिन्यात माणशी रोज किती लिटर पाणी मिळालं, त्याची तपासणी कोणत्या तारखेला झाली, ते लिहिता येईल.

आणि महाड-पोलादपूरच्या वाचकांनो, तुमच्याकडे एक मागणं आहे. 1 मेला ग्रामसभा भरते, ऐन टंचाईत भरते. तिथे जा, घरच्या बायकांना सोबत न्या आणि तीन प्रश्न विचारून ते इतिवृत्तात लिहून घ्या: आपल्या वाडीला आज माणशी किती लिटर पाणी पोचतं, शाळेतल्या मुलींच्या मुतारीला दार आणि पाणी आहे का, आणि नळ कोरडा असेल तर तो कधी सुरू होणार. तारीख मिळाल्याशिवाय उठू नका.

कळावे,
एक महाडकर